हरणाचे वाटे

जत्रेच्या वेळी गावात बकरा पडला की त्याचे वाटे घातले जातात. जमिनीवर पळसाची किंवा केळीची पाने मांडलेली असतात. जितकी घरे तितकी पाने. कापणारा माणूस जाणता असतो. एकेका पानावर तो थोडी मांडी, थोडा खांदा, सीन्याचा एक तुकडा, दोन चापा, एखादी नळी, काळजाचा एवढासा भाग असे टाकत जातो. एखादे पान हलके दिसले, तर शेजारच्या पानावरचा तुकडा उचलून तिकडे टाकतो. मुंडी आणि पाये कोणाकडे जायचे हे बहुधा आधीच ठरलेले असते. हे नियम कोठे लिहिलेले नसतात, पण चूक झाली तर सगळ्या गावाला कळते.

या एका कामात खरे तर दोन कामे दडलेली आहेत. पहिले म्हणजे जनावराचे तुकडे करणे, आणि दुसरे म्हणजे त्या तुकड्यांचे वाटे करणे. तुकडे कोठे पडतील हे जनावराचे सांधे ठरवतात. ते आज जेथे आहेत तेथेच लाख वर्षांपूर्वीही होते. कोणता तुकडा कोणाच्या पानावर जाईल हे मात्र माणसे ठरवतात, आणि ते काळानुसार, समाजानुसार बदलते. खाऊन टाकलेली हाडे पाहून ही दोन्ही कामे पुन्हा वाचता येतात, हे गेल्या साठएक वर्षांत पुरातत्त्वज्ञांच्या ध्यानात आले. आपण हे वाचन हरणांच्या हाडांवरून समजून घेऊ. शेळी-मेंढी माणसाळवून अकरा हजार वर्षेही झालेली नाहीत. त्याआधीच्या फार मोठ्या काळात, युरोप-आशियातील अनेक ठिकाणी, मांस म्हणजे मुख्यतः हरीणच होते.

आपल्याकडे हरणाचे मांस हा आता अनुभवाचा विषय राहिलेला नाही, आणि ते योग्यच आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांनंतर हौसेखातर वा खाण्यासाठी हरीण मारणे हा गुन्हा आहे. भाषेत मात्र जुन्या शिकारीच्या खुणा राहून गेल्या आहेत. वैदिक संस्कृतात ‘मृग’ म्हणजे कोणताही रानटी पशू. सिंह हा मृगराज, माकड हे शाखामृग, आणि शिकार म्हणजे मृगया, असे शब्द त्यातूनच आले. पुढे मृग म्हणजे हरीण असा अर्थ आकसला. गंमत अशी की इंग्रजीतल्या ‘डिअर’चेही तसेच झाले. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘पशू’ असा होता. हरणाच्या मांसाला इंग्रजीत ‘व्हेनिसन’ म्हणतात. तो शब्द ‘शिकार करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून फ्रेंचमार्गे आला, आणि पूर्वी रानडुकराचे मांसही त्यात मोडत असे. ज्याची शिकार सर्वांत जास्त, त्याच्याच नावावर ‘पशू’ हा शब्द चढला, असे दोन्ही भाषांत दिसते.

आणखी एक खुलासा. मराठीत आपण सरसकट हरीण म्हणतो, त्यात दोन कुळे येतात. चितळ, सांबर, भेकर ही मृगकुळातली. त्यांच्या नरांची भरीव शिंगे दरवर्षी गळतात व नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा ही गाय-शेळीच्या कुळातली. त्यांची शिंगे पोकळ आणि कायमची. आफ्रिकेतील ज्या हाडांचा उल्लेख पुढे येईल ती दुसऱ्या प्रकारची आहेत. पायांची रचना दोन्हींत जवळजवळ सारखीच असल्याने आपल्या विषयाला फरक पडत नाही.

आता सांध्यांकडे वळू. आपल्या खांद्यात जत्रू म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड असते. त्यामुळे आपला हात धडाशी हाडाने जोडलेला आहे. हरणाला जत्रू नसते. त्याचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नाही! स्नायूंच्या झोळीत धड टांगून ठेवावे तशी ही रचना आहे. धावताना, उडी मारून उतरताना धक्का सोसायला ती उपयोगी पडते. कापणाऱ्यालाही ती सोयीची. पाय बाजूला ओढून धरायचा, बरगड्या आणि खांद्याचे पान यांच्यामधून पाते फिरवायचे, की अख्खा पाय खांद्यासकट हातात येतो. एकही सांधा तोडावा लागत नाही.

मागचा पाय असा सहज येत नाही. मांडीच्या हाडाचे गोल टोक कमरेच्या हाडातील खोबणीत बसलेले असते. पाठ्यपुस्तकातला हा उखळीचा सांधा. त्याच्या आत आखूड, चिवट असा एक बंध असतो. मांडीभोवतीचे मांस कापून, पाय बाहेरच्या बाजूला दाबून तो बंध तोडावा लागतो. हे करताना पात्याचे टोक हाडाला लागतेच. कोपर आणि गुडघा हे बिजागरीचे सांधे. त्यांतही कोपराचा सांधा इतका घट्ट असतो, की तेथे हाडांवर ओरखडे उठल्याशिवाय राहत नाहीत. पायाच्या खालच्या भागात आपल्या तळहातातील मधल्या दोन हाडांसारखी दोन हाडे जुळून एक लांब हाड झालेले असते. हरीण आपल्या बोटांच्या टोकांवर, नखांवर चालते म्हटले तरी चालेल. या भागात मांस जवळजवळ नाहीच; कातडी, दोरीसारखे स्नायुबंध आणि आत मज्जा. कातडे सोलण्याची सुरुवात येथे गोलाकार छेद घेऊन करतात.

म्हणजे हातात दगडाचे पाते असलेला माणूस, तो सैबेरियातला असो की गंगेकाठचा, हरणाचे तुकडे साधारण याच ठिकाणी पाडणार. हाड मधूनच तोडायचे तर त्याला ते दगडाने ठेचावे लागते. लोखंडी सत्तूर हाती आल्यावर ही सक्ती सुटली. इंग्लंडमधील रोमन काळातल्या शहरांत सापडलेली बैलांची हाडे पाहिली, तर जड सत्तुराचे सरळ घाव सांध्यांची पर्वा न करता मारलेले दिसतात. आजचा खाटीक ओंडक्यावर मटण ठेवून कापतो तेव्हा भांड्यात मावेल एवढा तुकडा हवा, हा त्याचा हिशेब असतो. सांधा कोठे आहे हा नव्हे. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी मटण शिजते त्यांना जेवणानंतरची हाडे धुऊन, वाळवून आणायला सांगता येईल. सांध्यातून सुटलेले टोक आणि सत्तुराने पडलेले टोक लहान मुलेही पटकन वेगळे ओळखतात. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांना याचा संकोच वाटणार नाही, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी.

पात्याने उठलेल्या ओरखड्यांची जागाच त्या वेळी चाललेले काम सांगते. पायाच्या खालच्या हाडाभोवती किंवा कपाळावर ओरखडा असेल तर कातडे सोलले. लांब हाडाच्या टोकाशी, सांध्यालगत असेल तर पाय सोडवला. हाडाच्या मधल्या दांड्यावर तिरपे किंवा लांब ओरखडे असतील तर मांस तासून काढले. ओरखडा आहे की दाताची खूण आहे हे मात्र नुसत्या डोळ्यांनी सांगणे अवघड. १९८१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयी दोन लेख एकाच वेळी आले, एक रिक पॉट्स व पॅट शिपमन यांचा आणि दुसरा हेन्री बन यांचा. पॉट्स-शिपमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टांझानियातील ओल्डुवाय घळीतली हाडे तपासली. दगडी पात्याची खाच इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असते आणि तिच्या आत पात्याच्या खडबडीत धारेने उठलेल्या बारीक समांतर रेघा असतात. दाताची खाच उथळ व गुळगुळीत असते. ओल्डुवायची काही हाडे अठरा लाख वर्षांपूर्वीची आहेत. तितक्या पूर्वी कोणीतरी हरणांवर दगडी पाते चालवत होते, हे त्या रेघांनी दाखवून दिले. इथियोपियातील डिकिका येथील ३४ लाख वर्षांपूर्वीच्या दोन हाडांवरच्या खुणांबद्दल २०१० साली असाच दावा झाला. तो मात्र वादात आहे, कारण वाळूत जनावरांच्या पायांखाली तुडवलेल्या हाडांवर आणि मगरीने चावलेल्या हाडांवरही फसव्या खुणा उठतात.

हाडांवरच्या खुणांप्रमाणे जी हाडे सापडत नाहीत तीही बोलतात. पण त्यांचे बोलणे ऐकताना फार सांभाळावे लागते. दक्षिण आफ्रिकेतील माकापान्सगाट या गुहेत रेमंड डार्ट यांना हरणांची हजारो हाडे मिळाली. दंडाच्या हाडाचे खालचे म्हणजे कोपराकडचे टोक ढिगाने सापडले. खांद्याकडचे टोक त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने. डार्ट यांनी १९५०च्या दशकात निष्कर्ष काढला, की आपल्या पूर्वजांनी कोपराकडची टोके सोट्यासारखी वापरण्यासाठी मुद्दाम निवडून आणली. माणूस जन्मजात हिंस्र शिकारी आहे, ही कल्पना त्या काळात लोकप्रिय झाली त्यात या हाडांचा वाटा मोठा होता.

१९६०च्या दशकात सी. के. ब्रेन यांनी साधी गोष्ट केली. नामिब वाळवंटात कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांत लोक शेळ्या खात आणि हाडे अंगणात टाकत. ती कुत्री चघळत. ब्रेन यांनी ती हाडे गोळा करून मोजली. दंडाच्या हाडाची कोपराकडची टोके भरपूर होती, आणि खांद्याकडचे टोक एकही नव्हते! येथे कोणी सोटे निवडले नव्हते. कोपराकडचे टोक जनावर लहान असतानाच पक्के होते आणि भरीव असते. खांद्याकडचे टोक उशिरा जुळते, स्पंजासारखे असते आणि कुत्र्यांना आवडते. माकापान्सगाटचा ढीग पुढे मुख्यतः तरसांच्या खात्यावर जमा झाला. सिद्धांत मांडण्याआधी कुत्र्यांच्या जेवणाचा हिशेब करावा हे डार्ट यांच्यासारख्या मोठ्या शरीररचनातज्ज्ञाला सुचले नाही, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

ब्रेन यांच्यासारखाच विचार अमेरिकन पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांच्या मनात चालू होता. फ्रान्समधील निअँडरथल माणसांच्या गुहांत सापडलेल्या रेनडिअरच्या हाडांचा अर्थ त्यांना लागेना. तेव्हा त्यांनी आजही रेनडिअरवर जगणारी माणसे शोधली. उत्तर अलास्कातील ब्रुक्स पर्वतरांगेत अनाक्टुवुक खिंड आहे. वसंतात आणि शरदात कॅरिबूंचे, म्हणजे अमेरिकेतील रेनडिअरचे, कळप तेथून जातात. खिंडीतील नुनामिउत लोक त्यांची शिकार करून वर्षभराची तरतूद करतात. १९६९पासून काही वर्षे बिनफर्ड त्यांच्याबरोबर राहिले, शिकारीला गेले, आणि कोणता तुकडा कोठे टाकला व कोणता घरी आला याच्या नोंदी करीत राहिले. त्यांचे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले.

त्यांनी प्रत्येक तुकड्याला मांस, मज्जा आणि चरबी यांनुसार गुण दिले. मांडीला सर्वांत जास्त, खुरांना अगदी कमी. ओझे जास्त झाले, की कमी गुणांचे तुकडे शिकारीच्या जागीच राहतात आणि चांगले घरी येतात. म्हणून एखाद्या ठिकाणी नुसती मुंडकी आणि खूर सापडले, तर ती शिकारीची जागा असण्याचा संभव अधिक. मांडीची हाडे जास्त असतील तर ते राहण्याचे ठिकाण. आता हे वाचायला अगदी उघड वाटते. पण प्रत्यक्षात नुनामिउत लोक ऋतू पाहून, कोठीत काय शिल्लक आहे ते पाहून, मांस वाळवायचे की गोठवायचे ते पाहून निर्णय बदलत. गोठलेले धड कापायचे तर सांधा वाकत नाही, मग ओरखड्यांच्या जागाही बदलतात.

एक बारकावा विज्ञानशिक्षकांना आवडेल. हाडातील मज्जेविषयी नुनामिउत लोकांची आवड ठरलेली होती. मांडीच्या हाडातील मज्जेपेक्षा पायाच्या खालच्या हाडांतील मज्जा त्यांना जास्त पसंत. कारण रसायनशास्त्रात आहे. बर्फात उभ्या असलेल्या कॅरिबूचे खालचे पाय शरीरापेक्षा कितीतरी थंड असतात. तेथील चरबी गोठून चालणार नाही. म्हणून तिच्यात ओलेइक आम्लाचे प्रमाण जास्त असते आणि ती कमी तापमानालाही मऊ राहते. त्या लोकांना आम्लाचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. जिभेला फरक माहीत होता.

येथवर आपण तुकड्यांचे पाहिले. वाट्यांचे काय? नुसत्या हाडांवरून ‘यांनी वाटून खाल्ले’ असे सांगता येईल का?

पॅरिसच्या आग्नेयेला सीन नदीच्या काठी पँसव्हाँ नावाचे ठिकाण आहे. १९६४ साली वाळू उपसताना तेथे सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचा मुक्काम सापडला. शरद ऋतूत रेनडिअरचे कळप नदी ओलांडत, त्यांच्या वाटेवर शिकारी येऊन राहत. ते गेल्यानंतर पुराचा बारीक गाळ हळूवारपणे सर्वांवर पसरला आणि चुली, गारगोटीच्या छिलक्या, हाडे जेथल्या तेथे राहिली. आंद्रे लरवा-गुराँ यांनी ती जमीन मातीच्या थरांत खोल न जाता आडवी, अंगणासारखी उलगडली. काय कोठे पडले होते याची जागा इतक्या काटेकोरपणे टिपलेली असल्यामुळेच पुढचे काम शक्य झाले.

ते काम जेम्स एन्लो आणि फ्रान्सीन दाविद यांनी १९८०च्या दशकात केले. एकाच जनावराचे डावे आणि उजवे हाड आरशातल्या प्रतिबिंबासारखे जुळते. लांबी-रुंदी, स्नायू चिकटण्याच्या जागांचे उंचवटे, सगळे. तसेच एका हाडाचे टोक त्याच जनावराच्या पुढच्या हाडात नेमके बसते. शेकडो हाडे मोजून, एकमेकांशी लावून पाहून त्यांनी जोड्या जुळवल्या. आणि काही रेनडिअरचा डावा पाय एका चुलीपाशी तर उजवा दुसऱ्या चुलीपाशी निघाला! दगडांच्या छिलक्याही या चुलींमध्ये एकमेकींना जुळत होत्या, म्हणजे त्या चुली एकाच मुक्कामातल्या. रेनडिअर एका जागी मारला गेला, कापला गेला, आणि त्याचे भाग वेगवेगळ्या चुलींकडे गेले. चौदा हजार वर्षांपूर्वीचे वाटे आपल्यापुढे जमिनीवर मांडलेले आहेत.

हे वाटे कोण घालत होते ते हाडे सांगत नाहीत. पण अशा समाजांत तो प्रश्न कसा सोडवला जातो याचे एक उदाहरण कालाहारी वाळवंटात आहे. तेथील जु-होआन्सी लोकांत (जुन्या पुस्तकांत त्यांना कुंग म्हटले आहे) शिकारीचा मालक बाण मारणारा नव्हे. ज्याचा बाण तो मालक, आणि मांस वाटायचा अधिकार व जबाबदारी त्याची. शिकारी एकमेकांचे बाण भात्यात बाळगतात. त्यामुळे म्हातारा, लंगडा किंवा नेम नसलेला माणूसही केव्हातरी मांसाचा मालक होतो. लोर्ना मार्शल आणि रिचर्ड ली यांनी २०व्या शतकाच्या मध्यानंतर हे नोंदवले. सर्वांत कुशल शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये यासाठी इतकी नामी युक्ती आम्हाला दुसरी माहीत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा वाटा पाहायचा असेल, तर मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जावे लागते. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्याने देशाचे मोठमोठे भाग ‘फॉरेस्ट’ म्हणून राखीव केले. हा शब्द तेव्हा झाडीचा नसून कायद्याचा होता. शेते आणि गावेही त्यात येत. तेथील हरणे राजाची. हरीण मारणाऱ्याचे डोळे काढावेत असा विल्यमचा हुकूम असल्याची नोंद त्या काळच्या इंग्रजी बखरीत आहे.

नॉर्मन सरदारांबरोबर शिकारीचा सगळा फ्रेंच थाट आला. हरीण मारल्यावर ते कापणे हा स्वतंत्र विधी होता. ते खाटकाचे काम नसून कुलीन माणसाला आलेच पाहिजे असे कौशल्य होते. हरीण पाठीवर ठेवून कातडे सोलायचे, ते खाली अंथरायचे, त्याच्यावरच पुढचे कापायचे. मग वाटे. आतडी वगैरे भाग कातड्यावरच शिकारी कुत्र्यांना. एक खांदा कापणाऱ्या शिकाऱ्याला, दुसरा त्या भागाच्या वनरक्षकाला. छातीच्या हाडाच्या टोकाची कुर्ची डोमकावळ्यासाठी झाडाकडे फेकायची. (आपल्याला काकबळी आठवेल; पण संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा.) मांड्या म्हणजे मागचे पाय मात्र धन्याच्या वाड्यावर. १४८६ साली सेंट आल्बन्स येथे छापलेल्या एका ग्रंथात या विधीचे नियम दिलेले आहेत. तेव्हा छपाई इंग्लंडमध्ये येऊन पुरती दहा वर्षे झाली होती. इतक्या लवकर छापण्याजोग्या विषयांत हरीण कसे कापावे हा विषय होता!

ग्रंथात लिहिलेले माणसे प्रत्यक्षात पाळतातच असे नाही. इंग्लंडमधील नाओमी साइक्स यांनी तेच तपासले. त्यांचे पुस्तक २००७ साली आले. त्यांनी ठिकठिकाणच्या उत्खननांतील हरणांची हाडे एकत्र पाहिली. नॉर्मन विजयाच्या आधीच्या ठिकाणी हरणाच्या अंगाची सगळी हाडे सापडतात. म्हणजे हरीण अख्खे घरी येत होते. १०६६ नंतर चित्र पालटते. किल्ल्यांवर आणि सरदारांच्या वाड्यांवर मागच्या पायांची हाडे भरमसाट, पुढच्यांची कमी. आणि वनरक्षकांच्या घरांच्या जागी? तेथे पुढचे पाय, खांदे. ग्रंथ छापला जाण्याच्या कितीतरी आधीपासून वाटे नियमाप्रमाणे चालले होते. एखाद्या पडक्या घराच्या उकिरड्यातून खांद्याची पाने निघाली, तर तेथे राहणाऱ्याचा हुद्दा काय होता याचा अंदाज करता येतो. असा दाखला कागदपत्रांतूनही नेहमी मिळत नाही.

हरणाचे मांस बाजारात उघड विकण्याची वस्तू नव्हती. ते राजाकडून किंवा सरदाराकडून भेट म्हणून यायचे. मेजवान्यांसाठी दूरच्या रानांतून ते मीठ लावून, पिंपांत भरून पाठवले जाई. पैसे असूनही विकत मिळत नाही अशा गोष्टीची प्रतिष्ठा निराळीच. इंग्रजीत ‘अम्बल्स’ म्हणजे हरणाचे काळीज, आतडी वगैरे. त्यांच्या पुरणाच्या पावाला ‘अम्बल पाय’ म्हणत. पुढे नम्र या अर्थाच्या ‘हंबल’ शब्दाशी त्याची गल्लत की कोटी होऊन ‘हंबल पाय खाणे’ म्हणजे मान खाली घालणे असा वाक्प्रचार रूढ झाला. दोन शब्दांची मुळे वेगळी आहेत. पण कोणता तुकडा कोणाच्या ताटात पडतो हे ज्यांना ठाऊक होते त्यांना ती कोटी आपोआप सुचली असणार.

आणि ज्यांच्या ताटात कायद्याने काहीच पडत नव्हते ते? रानाच्या कडेला राहणारे, ज्यांचे पीक तीच हरणे खात, ते चोरून मारीत. पकडले गेले की खटले चालत. त्यांची दप्तरे आजही आहेत. चोरट्या शिकारीत खांदा वनरक्षकाला देण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा एखाद्या साध्या वस्तीत हरणाच्या अंगाचे सगळे भाग मिळाले, तर तेथे नियमाबाहेर काहीतरी शिजत होते असा संशय घ्यायला जागा राहते. या कायद्याविरुद्धचा असंतोष सरदारांपासून शेतकऱ्यांपर्यंत इतका वाढला, की १२१५च्या मॅग्ना कार्टापाठोपाठ १२१७ साली राजा तिसरा हेन्री याच्या नावाने रानांची वेगळी सनद काढावी लागली. यापुढे हरणापायी कोणाचाही जीव किंवा अवयव जाणार नाही, असे तिच्या दहाव्या कलमात कबूल करण्यात आले. दंड मात्र राहिला, आणि दंड भरता आला नाही तर एक वर्ष आणि एक दिवस कैद.

आता थोडे आपल्या देशाकडे. उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्ह्यात, गंगेच्या मैदानातील जुन्या नालाकृती तळ्यांच्या काठी, मध्याश्मयुगातील माणसांच्या वस्त्या आहेत. त्यांपैकी महदहा येथे अलाहाबाद विद्यापीठाच्या गो. रा. शर्मा यांच्या पथकाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन केले. राहण्याची व दफनाची जागा एकीकडे आणि जनावरे कापण्याची जागा दुसरीकडे, तळ्यालगत, अशी स्पष्ट विभागणी तेथे आढळली. कापण्याच्या जागेत हाडांचे ढीग होते. मांस काढून झाले तरी हरीण संपत नव्हते. हाडांची बाणाग्रे केली जात आणि शिंगाचे दागिने घडवले जात. असे दागिने घातलेली माणसे तेथील दफनांत सापडली आहेत.

याच भागातील सराय नाहर राय येथील हाडांत गाय, शेळी-मेंढी ओळखल्याचे आधी सांगितले गेले होते. ते खरे असते, तर शेतीपूर्व काळातच तेथे पशुपालन सुरू झाले होते असे म्हणावे लागले असते. महदहा आणि १९८०च्या दशकात खणलेले दमदमा येथील हाडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पी. के. थॉमस, प्रमोद जोगळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने तपासली. शेळी-मेंढी आणि लहान हरणे यांची मोडकी हाडे वेगळी करणे सोपे नसते. सांध्याच्या टोकाच्या एखाद्या कंगोऱ्यावर सारा निवाडा ठरतो. त्यांना माणसाळलेले एकही जनावर आढळले नाही. सापडली ती चितळ, पाडा, बारशिंगा आणि इतर रानटी प्राण्यांची हाडे. तळ्याकाठची ती माणसे गुराखी नव्हती. हरणे मारून, ती सांध्यांतून सोडवून, त्यांचे वाटे करून ती जगत होती. त्या वाट्यांत कोणाला काय मिळे, हे पँसव्हाँप्रमाणे डावे-उजवे जुळवून पाहण्याचे काम त्या ढिगांपुढे अजून उभे आहे.